गाडी ठाण्यात घ्या

लिस्बन, पोर्तुगाल
६ मे २०२५

पिराजी,

सलाम. कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाईलवर पाठवतोय. फोनवर बोलायचं तर तू नुसतं "आं? आं?" करणार, आणि मी ओरडायला लागलो की इथले शेजारी पोलिसांना बोलावणार. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान तू घालवलेस, शिक्षा माझ्या बोटांना.

सुखरूप पोचलो. आफशीनचं घर चौथ्या मजल्यावर आहे. पोरगी सकाळी साडेआठला कामावर जाते, संध्याकाळी सहाला येते. जावई अरीब महिनाभर कंपनीच्या कामानं जर्मनीत. तोवर मी खिडकीत. समोरच्या घराच्या भिंतीला बाहेरून निळ्या नक्षीच्या फरशा लावल्यात. छान दिसतात, पण माणसानं फरशांकडं बघून बघून किती वेळ बघायचं?

एकट्यानं बाहेर पडायचं नाही, असा हुकूम आहे. पहिल्याच दिवशी पोरीनं मला समोर बसवून धडा दिला. पासपोर्ट घरात ठेवायचा, खिशात फक्त त्याची झेरॉक्स. पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही. हॉटेलात पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवायची नाही. कुणी कागद पुढं करून सही मागितली तर थांबायचं नाही. कुणी म्हणालं की तुमच्या शर्टावर पक्ष्यानं घाण केलीय, तर त्याला पुसू द्यायचं नाही. वर गळ्यात घालायला एक कापडी पिशवी दिली, शर्टाच्या आतून. मी लहानपणी आजोळी जाताना आई अशीच पिशवी बांधायची.

पिराजी, हे सगळं कुणाला शिकवते ही? जोतिबाच्या यात्रेच्या जादा एसटी गाड्यांवर एकतीस वर्षं ज्यानं तिकिटं फाडली, त्याला? अर्ध्या जिल्ह्याचे खिसेकापू मी चालीवरून ओळखत होतो. काही तर मला नमस्कार करून दुसऱ्या गाडीत चढायचे.

तू तिला लिही. लहानपणी सुट्टीत तुझ्या मागच्या सीटवर बसून राधानगरीला यायची, तुझा शब्द तिला माझ्यापेक्षा जड आहे. अब्बा धडधाकट आहेत, त्यांना सोड, एवढंच लिही.

आणि मार्चमधलं कळवायचं नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मला घरची वाट आठवली नाही, हे तुला माहीत आणि मला माहीत. तिसऱ्याला नको. रोजा होता, ऊन होतं, डोकं फिरलं, संपलं. तिला कळलं तर ती मला या खिडकीतून उठू देणार नाही, आणि जुलैअखेर परत पाठवायच्या ऐवजी कागदपत्रं करून इथंच ठेवून घेईल.

तुझा,
अल्लाउद्दीन


राधानगरी
९ मे २०२५

मास्तर,

रामराम. पत्र दोनदा वाचलं. सूनबाईला वाटलं कुणाची तरी वाईट बातमी आली, इतका वेळ मी मोबाईल धरून बसलो होतो.

आफशीनला कालच लिहिलं. तुझे अब्बा ठणठणीत आहेत, कोल्हापुरात एकटे राहतात, एकटे बाजार करतात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकटे माझ्याकडं येतात, त्यांना जरा मोकळं सोड, असं. मार्चचं लिहिलं नाही. खरं सांगू का, 'ठणठणीत' लिहिलं आणि कागद बाजूला ठेवला. उठून म्हशीला पाणी दाखवून आलो, मग उरलेलं लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलंय हे लक्षात ठेव.

आता माझं एक ऐक. पोरगी सांगते ते चोरांचं ऐकून घे, त्यात तुझं काही जात नाही. तुला यात्रेतले चोर ओळखू येतात, तिथले वेगळे असतील. आणि पत्ता लिहिलेला कागद कायम जवळ ठेव. शर्टात नको, शर्ट बदलतोस. बंडीच्या खिशात ठेव. हा कागद चोरासाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

तिथं डोंगरउतारावर ट्राम चालते असं यशराजनं मोबाईलवर दाखवलं. माझा नातू सगळं दाखवतो, पण मला पाहिजे ते त्यात नव्हतं. चढाला थांबून परत उचलताना ती मागं येते का? ब्रेक हाताचा आहे का पायाचा? बघून कळव. बाकी चर्च-बिर्च काही लिहू नकोस, मला त्यातलं कळत नाही.

तुझा,
पिराजी


लिस्बन
१७ मे २०२५

पिराजी,

तुझ्या पत्रानं काम केलं. सोमवारपासून सुटका झाली. सकाळी दहा ते एक. एक वाजता घरात आल्याचा फोन करायचा, नाहीतर ती कामावरून उठून येणार. पत्ता बंडीच्या खिशात, झेरॉक्स शर्टाच्या खिशात, गळ्यात पिशवी. चालता चालता मीच कागदाचा वाजतो.

तुझ्या ट्रामचं आधी सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. गाडी पिवळी, लाकडी, आपल्या गाडीच्या निम्म्यानं. ड्रायव्हर बाई आहे, तिशीतली. ब्रेक हाताचाही आहे आणि पायाचाही. मागं येत नाही. चढाला चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ती पायानं काहीतरी दाबते आणि रुळावर वाळू पडते. वाळू, पिराजी. फोंड्याच्या घाटात आपल्याला हे कुणी सुचवलं नाही.

आता माझ्या खात्यातलं. गाडी इतकी भरते की यात्रेची आठवण व्हावी, फक्त गुलाल नाही. सगळे जगभरचे पाहुणे, गळ्यात कॅमेरे, पाठीला पिशव्या, पिशवीची चेन अर्धी उघडी. पहिल्या दिवशी मी मागं उभा राहून नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी तीन सापडले. कपडे तुझ्या जावयापेक्षा चांगले. पण खिसेकापू तो खिसेकापूच. तो दांडी धरत नाही. गाडी वळणावर कलते, सगळे दांडीला लोंबकळतात, आणि हा एकटा हात मोकळे ठेवून कमरेतून तोल सावरतो. एकाच्या हातावर घडी घातलेलं जाकीट, एवढ्या उन्हात. दुसरा दारात पायरीवर उभा राहून ड्रायव्हरबाईला फालतू काहीतरी विचारत राहतो, म्हणजे चढणाऱ्यांची दाटी होते. त्या दाटीत काम होतं. गाडीच्या आत नाही, दारात. आफशीनच्या धड्यात हे नव्हतं.

मी कुणाच्या वाटेला जात नाही. फक्त कुणा बाईची चेन उघडी दिसली की माझ्या छातीवर थोपटून दाखवतो, पिशवी पुढं घ्या म्हणून. आतापर्यंत सहा जणींनी घेतली. एकीच्या नवऱ्याला राग आला, येऊ दे.

परवा एक स्टॉप पुढं गेलो. बघण्याच्या नादात, दुसरं काही नाही. चालत परत आलो, एकच्या आत. इथं पायाखाली गुळगुळीत दगड आहेत, घसरायला होतं, म्हणून जरा वेळ लागला.

तुझा,
अल्लाउद्दीन


लिस्बन
२४ मे २०२५

पिराजीकाका,

नमस्कार. गुरुवारचं अब्बांनी तुम्हाला लिहिलं नसणार, म्हणून मी लिहितेय.

साडेअकराला मला पोलिसांचा फोन आला. अब्बा होते ती ट्राम खचाखच भरलेली होती. कॅनडाहून आलेली एक म्हातारी बाई पर्स गेली म्हणून ओरडली. पुढच्या थांब्यावर दार उघडायच्या आत अब्बा दारात आडवे उभे राहिले, दोन्ही दांड्या धरून. "कुनी उतरायचं न्हाय. गाडी ठाण्यात घ्या." मोठ्यानं, मराठीत, पुन्हा पुन्हा. लोकांना वाटलं हा माणूस वेडा आहे. एकानं त्यांना ढकललं, कोपर सोललंय. एक बाई घाबरून रडायला लागली. पंचवीस मिनिटं मागच्या सगळ्या ट्राम अडकल्या. पोलीस आले तेव्हाच त्यांनी दार सोडलं, आणि पोलिसांनाही "पंचनामा करा" म्हणाले.

पर्स नंतर एका सीटखाली सापडली, आत पासपोर्ट होता. दार उघडत नाही म्हटल्यावर चोरानं टाकून दिली असणार. ती बाई अब्बांचे हात सोडेना. पोलीसही चांगले वागले, त्यांना पाणी दिलं, बसायला दिलं. पण काका, इथं असं कुणी करत नाही. इथं सगळेच सांगतात की चोराला अडवू नका, जाऊ द्या, वस्तू जाते, जीव राहतो. त्याच्याकडं चाकू असता तर?

मला त्याहून दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटतेय. पोलिसांनी पत्ता विचारला तर त्यांना सांगता आला नाही. बंडीतला कागद मिळाला म्हणून मला फोन लागला. इथलं नाव अवघड आहे, मान्य. पण मी पोचले तेव्हा ते शांत बसले होते, आणि मला बघून पहिलं वाक्य बोलले, "पिराजीनं गाडी पुढं का नेली न्हाय, त्याला इचार की." मी म्हटलं, अब्बा, आपण लिस्बनमध्ये आहोत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी म्हणाले, मला काय कळत नाही व्हय, चेष्टा केली तुझी.

तेव्हापासून खिडकीत बसून आहेत. बाहेर जायचंही म्हणत नाहीत.

तीन जूनला डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्या विचारणार की हे कधीपासून आहे. मी नऊ वर्षं इथं आहे, अम्मी दोन वर्षांपूर्वी गेली, मला माहीत नाही काका. तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं की अब्बा ठणठणीत आहेत. आजही तेच लिहाल का?

तुमची,
आफशीन


राधानगरी
२६ मे २०२५

आफशीन पोरी,

अनेक आशीर्वाद.

दारात उभं राहणं हे वेड नव्हतं, ते आधी मनातून काढून टाक. एसटीत कुणाचं पाकीट मारलं की कंडक्टरनं दार धरायचं, ड्रायव्हरनं गाडी थेट पोलीस ठाण्यात घ्यायची, आणि झडती झाल्याशिवाय कुणालाही उतरू द्यायचं नाही. ही आमच्याकडची रीत आहे. कुणाला कोर्टाची तारीख असो, कुणाला दवाखाना असो. मी स्वतः दहा-बारा वेळा भरलेली गाडी ठाण्याच्या आवारात उभी केलीय. एकदा गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. नवरदेव मुंडावळ्या बांधून झडतीला उभा राहिला आणि मुहूर्त टळला म्हणून त्याच्या मामानं आम्हाला दोघांना शिव्या घातल्या. पर्स मिळाली होती, नवरदेवाच्याच चुलत्याच्या पिशवीत. तेव्हा मास्तरनं जे केलं ते त्याला जन्मभर शिकवलेलं काम होतं. काम बरोबर केलं, गाव चुकलं. ही एवढी गोष्ट तू डॉक्टरणीला नीट सांग, नाहीतर ती भलतंच लिहून घेईल.

पण मी गाडी पुढं का नेली नाही असं त्यानं विचारलं, ते मला समजावून सांगता येत नाही. दोन दिवस विचार केला. ती चेष्टा नव्हती.

मी तुला खोटं लिहिलं होतं. मार्चमध्ये पहिल्या सोमवारी तो माझ्याकडं आला, दुपारच्या गाडीनं परत गेला. संध्याकाळी बघतो तर परत माझ्या दारात. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरला आणि घर कुठल्या अंगाला ते आठवेना. तीस वर्षं ज्या स्टँडवर गाड्या लावल्या, तिथं दीड तास बाकावर बसून राहिला. कुणाला विचारायची लाज वाटली. शेवटी राधानगरीची पाटी दिसली, तेवढी ओळखीची वाटली, म्हणून त्या गाडीत बसला. रोजा होता. मी पाणी दिलं तर म्हणाला, अजून अजान झाली नाही. तेवढं बरोबर लक्षात होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घरापर्यंत सोडलं. गल्लीत शिरल्यावर सगळं आठवलं, मग मलाच हसायला लागला.

त्यानं मला शपथ घातली होती, म्हणून लिहिलं नाही, असं मी म्हणेन. पण तेही पुरतं खरं नाही. तुला कळलं तर तू त्याला तिथंच ठेवून घेशील, ही भीती मलाच होती. कान गेल्यापासून माझ्याशी कुणी बोलत नाही, पोरी. घरातले खुणा करतात, कंटाळतात, उठून जातात. तुझे अब्बा येतात ते पाटी-पेन्सिल घेऊन बसतात आणि तासन् तास लिहून बोलतात. तो पहिला सोमवार जायला नको म्हणून मी 'ठणठणीत' लिहिलं. परक्या शहरात त्याला एकट्याला बाहेर सोडायला मी तुला लावलं, ही माझी चूक. काही बरंवाईट झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?

डॉक्टरणीला मार्च सांग. आणि हे पत्र मास्तरला वाचायला दे. त्याच्या माघारी बोललो असं व्हायला नको.

तुझा,
पिराजीकाका


लिस्बन
२१ जून २०२५

पिराजी,

आफशीनला लिहिलेलं तुझं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले, तुला लिहिलं नाही ते मुद्दाम. मधे तुझी तीन पत्रं आली, उघडलीसुद्धा नाहीत. ईद झाली, तुला मुबारकबाद पाठवली नाही. आफशीननं तुझं ते पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा तुला फितूर म्हणालो, आणखी बरंच म्हणालो, ते लिहीत नाही. तुला ऐकू आलं नसतंच.

डॉक्टरीणबाईनं मला घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. तीन आले. आफशीन शेजारी बसून मराठीत सांगत होती, उरलेल्या दोनांच्या वेळी तिनं खाली मान घातली. मग डोक्याचे फोटो काढले, रक्त घेतलं. सुरुवात आहे, म्हणाल्या. गोळ्या दिल्यात. त्यांनी जाणारं थांबत नाही, पण सावकाश जातं. मार्च सांगितला म्हणून लवकर कळलं, असंही म्हणाल्या. हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगतो.

ट्राममधलं खरं तुला एकट्याला लिहितो. ती बाई ओरडली तेव्हा मी पुरता जागेवर होतो. हे लिस्बन आहे, ही ट्राम आहे, सगळं माहीत होतं. मनात म्हटलं, चोरी झाली, दार धर. दार धरलं. हात दांडीला लागल्यावर मात्र काहीतरी सटकलं. ओरडून सांगितलं तरी गाडी हलेना. मान वळवून बघितलं तर तुझ्या जागेवर एक बाई बसलेली. मला कळेना की तू मला भरल्या गाडीत सोडून कुठं उतरलास. पिराजी, मी फार घाबरलो. इतका मी कधी घाबरलो नव्हतो, आपली गाडी दाजीपूरला पुराच्या पाण्यात बंद पडली होती तेव्हाही नाही. चेष्टा केली असं पोरीला म्हणालो, ते खोटं होतं. तिलाही ते कळलंय, पण ती विचारत नाही.

आता एकट्यानं बाहेर जात नाही. शनिवार-रविवारी ती मला नेते. ती माझ्यावर नजर ठेवते, मी तिच्या पर्सवर. त्या ड्रायव्हरबाईनं गेल्या रविवारी मला ओळखलं. मला वाटलं उतरवते आता. तिनं आपल्या मागची जागा दाखवली, आणि दारापासून लांब बसा अशी खूण केली. आफशीन इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

अठ्ठावीस जुलैला निघतोय. पोरगी बरोबर येतेय. तीन महिने कोल्हापुरातून काम करणार, त्यानंतरचं त्यानंतर. इथंच राहा म्हणून तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, जेवढं आठवतं तेवढं सगळं तिकडं आहे, इथं राहून काय करू? तिला वाईट वाटलं असेल. पण खरं तेच बोललो.

पहिल्या सोमवारी आता मी यायचं नाही, तू यायचं. तुझे कान गेलेत, पाय शाबूत आहेत. कोल्हापूरच्या स्टँडवर उतर, घर तुला माहीत आहे. पाटी-पेन्सिल मी काढून ठेवतो.

आज डोकं जागेवर आहे तोवर एक लिहून ठेवतो, म्हणजे तुझ्याकडं कागद राहील. एखाद्या सोमवारी मी दार उघडीन आणि तुला बघून म्हणेन, "या पावणं, कुनाकडं आलाय?" तुला ऐकू येणार नाही, पण माझ्या तोंडाकडं बघून कळेल. तेव्हा वाईट वाटून परत फिरू नकोस. "तुझ्याकडंच आलोय" म्हण आणि आत येऊन बस.

तुझा,
अल्लाउद्दीन